दुबार फुलणारी आयरिस: ४२ रोपं, तीन शरद आणि एकच दांडा

परागवेडी:

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आयुष्यातला पहिला आयरिसचा संकर केला. आई 'इमॉर्टॅलिटी', म्हणजे ती उंच, पांढरी, दाढीवाली (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो ती), वसंतात फुलून सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा फुलणारी. पराग घेतले एका तपकिरी-सोनेरी वाणाचे. तो वर्षातून एकदाच फुलतो, पण रंग असा की माणूस पाणी घालायचं विसरतं. माझा हिशेब सरळ होता: सवय आईची, रंग बापाचा. एका बोंडात ५१ बिया निघाल्या, ४२ रुजल्या. सगळ्या अजून माझ्याकडे आहेत. टाकवत नाही, ही माझी खोड.

रुजल्यावर वर्षभरात निम्म्या फुलल्या, बाकीच्या पुढच्या वसंतात. रंग बरे आले. पण शरदात? पहिल्या वर्षी ऑक्टोबरात १७ नंबरने एक दांडा काढला, सहा कळ्या, लोण्यासारखा रंग आणि त्यावर तपकिरी रेघा. मी घरभर नाचले. नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस वाद झाला. आज तिसरा शरद सरला, पण त्यानंतर तिने पुन्हा तोंड उघडलेलं नाही. बाकी ४१ तर नुसती पानं हलवत उभ्या आहेत.

माझं कुठे चुकलं? पाणी, खत, जागा, की संकरच चुकीचा? आणि आता १७ नंबरवर अजून किती वर्षं घालवायची? जागा संपत आलीय. ३१ नंबरची तर मी उचलबांगडी करणार आहे, मळकट पांढरी, बघण्यासारखं काही नाही आणि एकटी तिघींची जागा खाते.

मातीचेहात:

ताई, आधी एक सांगा. उन्हाळ्यात पाणी तोडलंत का?

एकदाच फुलणारी दाढीवाली आयरिस भर उन्हाळ्यात झोपते, तेव्हा तिला कोरडं ठेवणं योग्यच. पण दुबार फुलणारीला त्याच दिवसांत नवे गड्डे, म्हणजे मातीलगतची जाड आडवी खोडं, मोठे करायचे असतात. ती झोपली की शरद गेला. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोचेल असं पाणी, मग वरची माती सुकू द्यायची. वसंताचा बहर उतरला की हलकं खत, पण नत्र कमी. नत्राने पानं लुसलुशीत होतात आणि कूज लागते. आणि गड्ड्याची पाठ मातीच्या वर, उन्हात.

दुसरं, १७ नंबर फुलल्यावर तुम्ही हलवली होती का?

परागवेडी:

हो! आनंदाच्या भरात नोव्हेंबरमध्ये उपटून दारासमोरच्या वाफ्यात लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. पाण्याचंही तुम्ही म्हणता तसंच झालंय. आयरिसला उन्हाळ्यात पाणी नको असं वाचलं होतं, म्हणून इमानेइतबारे तोडलं. 'इमॉर्टॅलिटी' मात्र नळाजवळ आहे, तिला आपोआप मिळत होतं. आता डोक्यात प्रकाश पडतोय.

मातीचेहात:

हातच जोडतो. नोव्हेंबरात हलवलेली आयरिस थंडीच्या आधी मुळंच धरत नाही. गोठायच्या दीड-दोन महिने आधी हलवायची असते. हलवलेलीकडून पुढच्या शरदात दांड्याची अपेक्षा ठेवूच नका, गठ्ठा बसायला एक-दोन वर्षं जातात.

वहीवाला:

परागवेडी ताई, मातीचेहात यांनी सांगितलं ते सगळं खरं. पण या ४२ रोपांना रोज अमृत पाजलं असतं तरी निकाल फारसा बदलला नसता. चूक वाफ्यात कमी आणि हिशेबात जास्त आहे. हीच चूक मी सात वर्षं केली, म्हणून लिहितो.

उंच दाढीवाल्या आयरिसमध्ये ४८ गुणसूत्रं असतात, बाराचे चार संच. म्हणजे एकेका गुणाच्या दोन नाही, चार प्रती. आता दुबार फुलणं हा एकाच जनुकाचा आणि दबून राहणारा गुण आहे असं धरू. प्रत्यक्षात मामला इतका साधा नाही, पण अंदाज बांधायला पुरतो. आईत चारही प्रती 'दुबार', बापात चारही 'एकदाच'. प्रत्येक लेकराला दोन इथल्या, दोन तिथल्या. दिसायला सगळी बापासारखी. ४२ लावा नाहीतर ४२०, शरदात शुकशुकाट.

खरी गंमत पुढच्या पिढीत. या भावंडांचा आपसात संकर केला तर ३६ रोपांत सरासरी एक पूर्ण दुबार निघतं. पण त्यातल्याच एखाद्या रोपाचा संकर पुन्हा एका पक्क्या दुबार वाणाशी केला, तर सहात एक. सहा आणि छत्तीस. वाफ्याच्या भाषेत सांगायचं तर एका रांगेत होणारं काम आणि सहा रांगा खणून होणारं काम. मी मूर्खासारखा आधी भावंडांचाच संकर केला. साठ रोपांत दोन मिळाली आणि त्यातल्या एकीचा दांडा इतका वाकडा होता की फूल जमिनीकडे बघायचं.

म्हणूनच जुन्या लोकांचे दुबार वाण बघा, त्यांनी दुबार आणि दुबार यांचाच संकर पिढ्यान् पिढ्या केलेला दिसतो. तुमची 'इमॉर्टॅलिटी' लॉइड झुरब्रिग यांनी १९८२ मध्ये आणली. हे गृहस्थ पेशाने संगीताचे प्राध्यापक, पण दुबार आयरिसचा ध्यास घेतलेले. तिचे आईबाप 'आय डू' आणि 'इंग्लिश कॉटेज', दोन्ही दुबार फुलणारे. तुम्ही अर्धं घराणं बाहेरून आणलंत, मग घराण्याची सवय एक पिढी गप्प बसणारच.

आता १७ नंबर. एकट्या दांड्यावर जाऊ नका. एकदाच फुलणारी आयरिससुद्धा एखाद्या विचित्र वर्षी, उन्हाळा थंड-ओला गेला तर, शरदात चुकून दांडा काढते. त्याला मी वहीत 'भटका दांडा' लिहितो. तीन शरद लागोपाठ फुलली तर 'दुबार', दोनदा फुलली तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. नाव तर त्याच्याही नंतर. नोंदणी अमेरिकन आयरिस सोसायटीकडे होते, संस्था १९२० पासूनची आहे, ती कुठे पळून जात नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते दुबार बहराबद्दल नाहीच.

माझ्याकडे एक जांभळी होती. ११-३-८, म्हणजे २०११ चा तिसरा संकर, त्यातलं आठवं रोप. तीन वर्षं लागोपाठ शरदात फुलली. दांडा सरळ, तीन फांद्या, आठ-नऊ कळ्या, वाऱ्यात पडायची नाही. चौथ्या वसंतात तिचे पाच गड्डे होते आणि पाचांनी दांडे काढले. मी फोटो काढत बसलो. जूनमध्ये पानं पिवळी पडू लागली, जुलैत गठ्ठा उकरून बघितला तर पाच सुके गड्डे आणि बगलेला एकही कोंब नाही. फुलून संपली बाई.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. आयरिसचा एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या टोकाचा कोंबच दांडा होतो, मग तो गड्डा पुन्हा फुलत नाही, नुसती पिल्लांची पोटगी भरतो. हळदवाल्यांच्या शब्दांत सांगायचं तर जेठा गड्डा फुलला, आता पुढचं सगळं बगल गड्ड्यांवर. एकदाच फुलणाऱ्या वाणाला हे बगल गड्डे पोसायला अख्खं वर्ष मिळतं. दुबार फुलणाऱ्याला ते काम काही महिन्यांत उरकायचं असतं. म्हणजे दुबार फुलायची हौस आहे पण फुटवे काढायची ताकद नाही, असं रोप स्वतःलाच खर्चून मोकळं होतं. सवय जितकी पक्की तितकं लवकर.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. पहिल्या वसंतात फुलाकडे बघतच नाही. म्हणजे बघतो, माणूस आहे, पण वहीत लिहीत नाही. जुलैत गुडघ्यावर बसून माती बोटांनी बाजूला करतो आणि फुललेल्या गड्ड्याच्या दोन्ही बगला मोजतो. चार-पाच जाड कोंब असतील तर रोप राहतं. दोन असतील तर एक वर्ष सवलत. शून्य असेल तर रंग इंद्रधनुष्याचा असला तरी खतात. पहिल्या वर्षी हात थरथरले होते.

आणि म्हणूनच, ताई, तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ३१ नंबरचं वाटलं. एकटी तिघींची जागा खाते! तिला खतात टाकू नका. ४२ भावंडांत दुबारचे दोन-दोन दाणे सगळ्यांच्याच पोटात आहेत, १७ च्या आणि ३१ च्याही. मग आई म्हणून निवडायची कुठली, जी दोन पंख्यांवर, म्हणजे पानांच्या दोन जुडग्यांवर, अडलीय ती, की जी वाफा व्यापतेय ती? ३१ ला एखाद्या दुसऱ्या घराण्यातल्या दुबार वाणाचे पराग घाला, झुरब्रिग यांचीच पिवळी 'हार्वेस्ट ऑफ मेमरीज' मिळाली तर बघा. परत 'इमॉर्टॅलिटी'च वापरलीत तरी सहात एक मिळेल, पण आईशीच संकर म्हटल्यावर वाढ मार खाते, मी खाल्लाय. मळकट रंगाचं बघू. रंग एका पिढीत धुतला जातो, मरगळ जात नाही.

परागवेडी:

वहीवाला काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. मग टॉर्च घेऊन बाहेर गेले.

कबुली देते. ३१ चा गठ्ठा प्रश्न लिहायच्या आदल्या दिवशीच उपटून कुंपणापाशी फेकला होता. तशीच पडलीय, मुळं आकाशाकडे. मोजले, १४ पंखे! एका गड्ड्याच्या तर दोन्ही बगलांना मिळून सहा कोंब. १७ नंबरचे मोजले, दोन. त्यातला एक मऊ लागला आणि बोटाला घाणेरडा वास आला.

दोन शंका. मऊ लागलेल्याचं काय करू? आणि माझ्याकडे एक ठेंगणी दुबार आयरिस आहे, 'बेबी ब्लेस्ड'. ती तर काहीही केलं तरी फुलते. ३१ ला तिचेच पराग घातले तर?

वहीवाला:

तो वास म्हणजे जिवाणूंची कूज. जुना स्टीलचा चमचा घ्या आणि पांढरा, कडक, कच्च्या बटाट्यासारखा भाग लागेपर्यंत खरवडा. कंजूषपणा करू नका. मग तो गड्डा दोन-तीन दिवस उघडा, कोरडा ठेवा, जखमेवर खपली धरली की नव्या जागी, थोडा उंचवटा करून. चमचा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्या रोपाला लावू नका. १७ वाचली तर वाचली. आणि वहीत 'कूज' लिहा, तारखेसकट. कुठल्या घराण्यात कूज वारंवार येते ते पाच वर्षांनी वहीच सांगते, आपल्याला आठवत नाही. आपल्याला फक्त रंग आठवतात.

३१ ला हरकत नाही, कुंपणापाशी महिनाभर पडली असती तरी जगली असती. अशा फेकलेल्या आयरिसच मला जास्त आवडतात. माती गोठायला अवकाश असेल तर लावा, नाहीतर कोरड्या खोक्यात ठेवून वसंतात.

'बेबी ब्लेस्ड'चा मोह मलाही झाला होता. ठेंगणीत ४० गुणसूत्रं, उंचीत ४८. निम्मी-निम्मी म्हणजे २० आणि २४, लेकरू ४४ चं. मधल्या उंचीचं, गुणी, वाफ्यात छान दिसणारं, कधीकधी शरदात फुलणारंही. पण बहुतेक वांझ. तिथे घराणं संपतं. बागेला हवं असेल तर जरूर करा, पुढे संकर करत जायचं असेल तर ती वाट तिथेच थांबते.

दहिवर:

काकांच्या वहीबद्दल आदर ठेवून एक सांगते. गड्डे मोजणं ठीक, पण माझ्याकडे खरा निकाल तारीख लावते.

माझ्या बागेत ऑक्टोबरच्या मध्याला पाणी गोठतं. कितीतरी रोपं 'दुबार' आहेत, म्हणजे दांडा काढतात, कळ्या फुगतात, रंगाचं टोक दिसायला लागतं आणि एका रात्रीत उकडलेल्या पालेभाजीसारखं सगळं लोंबतं. काकांच्या हिशेबाने ते रोप पास. माझ्या हिशेबाने ते फक्त मला छळायला जन्मलंय. म्हणून मी एकच तारीख लिहिते: पहिलं फूल पूर्ण कधी उघडलं. आणि रांगेच्या एका टोकाला नेहमी 'इमॉर्टॅलिटी' लावते, मोजपट्टी म्हणून. माझं रोप तिच्या आधी किंवा तिच्याबरोबर उघडलं तर पुढे जातं. दोन आठवडे मागे राहिलं तर, रंग काहीही असो, दुसऱ्या कुणाच्या उबदार बागेत त्याने सुखाने नांदावं.

आणि नांदतात! एक गुलाबी रोप माझ्याकडे सलग दोन वर्षं कळीतच मेलं. तीन पंखे एका मैत्रिणीला दिले, तिची थंडी बेताची. तिच्याकडे ते नोव्हेंबरातसुद्धा फुललं. उलटंही झालंय. माझ्याकडे शहाण्यासारखं वागणारं एक निळं तिच्या कडक उन्हाळ्यात दोन वर्षं झोपून राहिलं. तेव्हापासून एका बागेतल्या निकालावर माझा विश्वास नाही. निदान तीन ठिकाणी, प्रत्येकी तीन पंखे, तीन वर्षं. फ्लॉरेन्सच्या आयरिस बागेत जगभरची रोपं स्पर्धेसाठी येतात, तीसुद्धा आधी तिथल्या मातीत रुजवतात, वाढू देतात आणि मगच परीक्षक बघतात. आपण घरच्या घरी एका वर्षात निकाल लावणारे कोण?

वहीवाला:

दहिवर ताई, मान्य. तारखेचा रकाना माझ्या वहीत नव्हता, कारण माझ्याकडे थंडी उशिरा येते. आज आखतो. फक्त एक: तुमचं ते कळीत मेलेलं गुलाबी फुटव्यांत कसं होतं?

दहिवर:

भक्कम. वर्षाला एकाचे सहा.

वहीवाला:

मग त्याचे पराग फुकट का घालवले? कळी मेली तरी रोप कामाचं आहे. मैत्रिणीकडून शरदातले पराग मागवा.

परागवेडी ताई, हे तुम्हालाही उपयोगी. शरदात संकर करायला जाऊ नका, बोंड पिकायला दोन महिने किंवा जास्तच लागतात, थंडी मधेच गाठते. पण शरदात फुललेल्या दुबार रोपाचे पराग साठवून वसंतात वापरता येतात. गारठ्यात परागकोश फुटतच नाहीत, मेणासारखे चिकटून बसतात आणि माणसाला वाटतं रोप नपुंसक आहे. फूल संध्याकाळी कापून घरात पाण्यात ठेवा, सकाळपर्यंत कोश उमलून भुरभुरीत झालेले असतात. चिमट्याने तिन्ही काढा, कागदाच्या पुडीत, वर नंबर आणि तारीख, पुडी घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांबरोबर, आणि डबी फ्रीजमध्ये.

वसंतात ३१ चं फूल उघडायच्या आदल्या दिवशी, भुंगे पोचायच्या आत, खालच्या पाकळ्या तोडून टाका म्हणजे भुंग्याला उतरायला जागाच राहत नाही. तिचे स्वतःचे परागकोश काढा. मग दाढीच्या वर जी पाकळीसारखी कमान असते, तिच्या टोकाशी, बाहेरच्या अंगाला, नखाएवढा पातळ ओठ दिसेल. तीच कुक्षी. ओठ कमानीला चिकटलेला असेल तर थांबा, सुटा होऊन किंचित ओलसर दिसला की पराग घासा. तिन्ही ओठांना. नवशिके कमानीच्या आतल्या अंगाला घासतात आणि मग बोंड धरत नाही म्हणून नशिबाला दोष देतात. मी दोन वसंत तेच केलं.

परागवेडी:

मीही पहिल्या वर्षी सात फुलांवर तेच केलं असणार. आठव्यावर बोंड धरलं ते बहुतेक हात चुकल्यामुळे.

३१ चे पाच पंखे नळाजवळ 'इमॉर्टॅलिटी'शेजारी लावले, पाच उंचवट्यावर, चार बहिणीकडे पाठवतेय, तिच्याकडे उन्हाळा कडक असतो. १७ चमच्याने खरवडून खिडकीत सुकत ठेवलीय, अर्धा गड्डा उरला. दारासमोरची तिची जागा तशीच मोकळी आहे.

काका, पराग फ्रीजमध्ये म्हणालात, ते खालच्या कप्प्यात की बर्फाच्या?

वहीवाला:

वसंतापर्यंतच ठेवायचे तर खालचा चालतो, वर्षभर ठेवायचे तर बर्फाचा. दारात मात्र नको, सारखी उघडझाप होते. आणि घरच्यांना सांगून ठेवा. माझी एक पुडी मसाला समजून उघडली गेली होती.